रात्री तीनला भरता येईल तोच प्रोफॉर्मा: इमर्जन्सीतल्या रेसिडेंटच्या थीसिसला हात कसा द्यावा

आमच्या इमर्जन्सीत थीसिसचे भरलेले कागद कुठे कुठे सापडले आहेत ऐका. क्रॅश ट्रॉलीच्या सगळ्यात खालच्या खणात. ईसीजी रोलच्या रिकाम्या खोक्यात. आणि एकदा धोब्याकडून परत आलेल्या एप्रनच्या खिशात, लगदा होऊन. त्या लगद्यात विंचूदंशाचे अकरा रुग्ण होते. ती आर-टू (एमडी करणारी, दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट) रडली नाही, नुसतं म्हणाली, "मॅडम, आता आणखी अकरा जणांना विंचू चावायची वाट बघू का?"

चूक माझी होती. गाईड म्हणून मी तिचा सहा पानी प्रोफॉर्मा (प्रत्येक रुग्णाची माहिती भरायचा फॉर्म) डोळे झाकून मंजूर केला होता. तो ठेवायचा कुठे, भरायचा कधी, कुणी, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्यानंतर बडोद्यात बऱ्याच मुलामुलींच्या थीसिसना हातभार लावला, त्यातून जमलेलं हे टिपण. लिहिते आहे ते मुख्यतः गाईड आणि विभागप्रमुखांसाठी. रेसिडेंटनेही वाचावं, म्हणजे गाईडकडे नेमकं काय मागायचं ते कळेल.

आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला एमडीचा स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. त्यामुळे आजचे बरेच गाईड मेडिसिन, सर्जरी, नाहीतर अ‍ॅनेस्थेशियातून आलेले. आमचे स्वतःचे थीसिस वॉर्डातले. वॉर्डात रुग्ण सकाळीही त्याच खाटेवर, संध्याकाळीही त्याच खाटेवर. एखादा प्रश्न विचारायचा राहिला तर उद्या विचारला. इमर्जन्सीतला रुग्ण दोन तासांनी आयसीयूत, थिएटरात, दुसऱ्या रुग्णालयात किंवा शवागारात असतो. त्या दोन तासांत जे लिहिलं गेलं नाही ते गेलं. म्हणून वॉर्डाच्या सवयीने आखलेला थीसिस इमर्जन्सीत बुडतो, आणि आपण म्हणतो, हल्लीची मुलं मेहनत करत नाहीत.

आधी कॅलेंडर काढा, विषय नंतर

तीन वर्षं ऐकायला भरपूर वाटतात. उलटी मोजणी करून बघा. ३६ महिने. थीसिस परीक्षेच्या निदान सहा महिने आधी जमा करायचा, म्हणजे उरले ३०. विश्लेषण, लिखाण, गाईडच्या तीन वेळा दुरुस्त्या आणि बाइंडिंगवाल्याच्या फेऱ्या यांना चार महिने धरा: २६. विषय ठरणं, सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा), नीतिसमिती (संशोधनाला मंजुरी देणारी समिती) यांत सहा महिने सहज जातात: २०. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे तीन महिने रेसिडेंट जिल्ह्याच्या रुग्णालयात असतो: १७. मग आयसीयू, अ‍ॅनेस्थेशिया, बालरोग, ऑर्थो अशी बाहेरची पोस्टिंग्ज. हातात खरंखुरं वर्षभर उरतं, आणि त्यातही नाईट ड्युट्या.

हे गणित पहिल्याच महिन्यात रेसिडेंटबरोबर बसून कागदावर मांडा. भिंतीवर लावा. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी तिसऱ्या ते पाचव्या सत्रात येते, म्हणजे नेमकी रुग्णभरतीच्या मध्यावर. त्या तीन महिन्यांत त्याचे रुग्ण कोण घेणार हे आजच ठरवायचं. आम्ही जोड्या लावतो. एक बाहेर असला की दुसरा त्याचे फॉर्म भरतो, आणि नंतर उलट. जोडी वेगवेगळ्या बॅचमधली असेल तर उत्तम, दोघं एकाच वेळी बाहेर जात नाहीत.

संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स पहिल्या वर्षात पूर्ण करावाच लागतो. बहुतेक मुलं तो शेवटच्या आठवड्यात व्हिडिओ पळवत उरकतात. त्यापेक्षा सिनॉप्सिस लिहायच्या आधी करायला लावा. मग तुमची निम्मी बडबड वाचते.

विषय दारातून येऊ दे

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांचं नाव मराठी घरात सांगायला लागू नये. विंचूदंशात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरण्याबद्दलचं त्यांचं काम १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं, ते कोकणातल्या छोट्या गावातून. त्यांच्यासमोर रोज विंचू चावलेली माणसं येत होती, त्यांच्यातली काही मरत होती, आणि का मरतात हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. विषय असा सापडतो. जर्नलमध्ये डोकं खुपसून "अजून कुणी काय केलं नाही" हे शोधत बसलं की बायोमार्करचे (रक्तात मोजायच्या आजाराच्या खुणांचे) विषय निघतात, ज्यांचं किट परदेशातून येतं आणि जे आपल्या फ्रीजरमध्ये वीज गेली की मरतं.

बडोद्यात दारातून काय काय येतं? उत्तरायणाला दुचाकीवरून जाताना मांज्याने गळा कापलेली माणसं, आणि गच्चीवरून पडलेली मुलं. छोटाउदेपूरकडून आणि पलीकडच्या आलिराजपूरकडून सर्पदंश. शेतातली कीटकनाशकं प्यायलेली माणसं. नंदेसरीच्या कारखान्यांच्या बाजूने वायूची बाधा झालेले कामगार. विश्वामित्री नदीतल्या मगरीने धरलेला एखादा. हायवेचे अपघात तर रोजचेच.

पण दारातून आलेला प्रत्येक विषय थीसिसला चालतो असं नाही. उत्तरायणाचंच घ्या. दर वर्षी जानेवारीत एखादा आर-वन (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट) डोळ्यांत चमक घेऊन येतो: मॅडम, मांज्याच्या जखमांवर करू? चिनी मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी गळे कापले जातातच. विषय महत्त्वाचा, वर्तमानपत्रंही छापतील. मी त्याला कॅलेंडर दाखवते. प्रवेश ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाला असं धरलं, तर पहिली उत्तरायण सिनॉप्सिस लिहिण्यात जाते. दुसरी मिळते. तिसरी येते तेव्हा थीसिस जमा करायला जेमतेम चार महिने राहिलेले असतात. म्हणजे तीन वर्षांत मिळाल्या तर दोन उत्तरायणी, प्रत्येकी दोन-तीन दिवसांच्या, आणि त्या दिवशी नेमकी त्याची आयसीयूत पोस्टिंग असली तर? असा विषय एका मुलाचा थीसिस म्हणून घेऊ नका. तो विभागाचा प्रकल्प करा, एकच फॉर्म दर वर्षी तसाच चालवा, आणि पाच वर्षांनी जो आर-वन येईल त्याला पाच वर्षांचा साठा विश्लेषणाला द्या.

पुराचं तर त्याहून अवघड. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात घुसली तेव्हा संमतीपत्र छापायला कुणाला वेळ होता? त्या दिवसांचा अभ्यास नोंदींवरूनच करावा लागतो. म्हणून ट्रायेजचं (आलेला रुग्ण किती गंभीर ते आधी ठरवतात तिथलं) साधं रजिस्टर रोज नीट भरलं जाणं हीच त्या संशोधनाची तयारी.

मी नवशिक्यांना बहुधा खाटेशी मोजता येणारी गोष्ट सुचवते. उदाहरणार्थ शॉक इंडेक्स: नाडीचे ठोके भागिले वरचा रक्तदाब. १९६७ मध्ये आल्गोवर आणि बुरी यांनी मांडलेला, निरोगी माणसात साधारण ०.५ ते ०.७. नाडी ११० आणि दाब १०० असेल तर १.१. यंत्र नको, किट नको, पैसे नकोत. "अपघातात जखमी होऊन आलेल्या प्रौढांमध्ये ट्रायेजच्या वेळचा शॉक इंडेक्स ०.९ किंवा त्याहून जास्त असेल, तर २४ तासांत रक्त द्यावं लागण्याचं प्रमाण किती?" एका वाक्यात कोण, काय मोजायचं, परिणाम कोणता आणि किती वेळात, सगळं आलं. तुमच्या रेसिडेंटला त्याचा प्रश्न असा एका वाक्यात सांगता येत नसेल तर सिनॉप्सिसवर सही करू नका. आणि परिणाम आपल्याच भिंतींच्या आत दिसणारा निवडा. "२८ दिवसांनी जिवंत की नाही" हे कागदावर भारदस्त दिसतं, पण दिलेला मोबाईल नंबर भाच्याचा निघतो आणि भाचा सुरतेला असतो.

औषधांच्या तुलनेच्या चाचण्या? पहिल्या थीसिसला शक्यतो नको. करायचीच असेल तर ती रुग्णभरतीच्या आधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदलेली हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे आधीच केलेली नोंदच चालते, मागाहून नाही. पैसे लागत नाहीत, पण ते शंका विचारतात आणि उत्तरं द्यायला वेळ जातो. तो वेळ कॅलेंडरात धरा.

किती रुग्ण: गणित आणि रजिस्टर

सांख्यिकीवाल्यांकडे मुलं जातात ती आकडा मागायला: "सर, १०० चालतील ना?" आकडा आधी आपण काढून बघावा.

एखाद्या गोष्टीचं प्रमाण मोजायचं असेल तर सूत्र सोपं आहे: ३.८४ गुणिले अपेक्षित टक्केवारी, गुणिले १०० मधून ती वजा करून उरलेली टक्केवारी, आणि या सगळ्याला चालेल तेवढ्या चुकीच्या वर्गाने भागायचं. अपेक्षित प्रमाण २० टक्के आणि अलीकडे-पलीकडे ५ टक्के चूक चालणार असेल, तर ३.८४ × २० × ८० ÷ २५, म्हणजे २४६. तीच चूक १० टक्के चालवून घेतली तर ६२. चूक दुप्पट केली की रुग्ण चौपटीने कमी होतात, म्हणून इथे मोह होतो. पण २० टक्क्यांच्या उत्तराला "१० ते ३०च्या दरम्यान काहीतरी" म्हणण्यात काय अर्थ आहे ते रेसिडेंटला बोलून दाखवा. आणखी एक हातचलाखी बघून ठेवा: काही सिनॉप्सिसमध्ये "२० टक्के चूक" लिहिलेली असते, ती अपेक्षित प्रमाणाच्या २० टक्के, म्हणजे खरं तर ४ टक्के. मग आकडा ३८४ होतो. कोणती चूक म्हणायची आहे ते स्पष्ट लिहायला लावा.

निदानाच्या चाचणीचा अभ्यास असेल तर मुलं इथे हमखास फसतात. समजा खाटेजवळच्या सोनोग्राफीची संवेदनक्षमता (आजार असलेल्या शंभरातले किती ती पकडते) ९० टक्के धरली आणि ७ टक्के चूक चालेल असं ठरवलं. सूत्रातून ७१ येतात. पण हे ७१ म्हणजे खरोखर आजार असलेले रुग्ण. आजार पाचातल्या एकालाच सापडत असेल तर तपासायचे ३५५. आणि सोनोग्राफीचा विषय निघालाच आहे तर, तुमच्या विभागातलं यंत्र आणि ते वापरणारा, दोघंही पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदीच्या) कायद्याखाली नोंदलेले आहेत का ते सिनॉप्सिसच्या आधी बघा. नंतर कळलं तर थीसिस राहतो बाजूला आणि वेगळंच प्रकरण सुरू होतं.

आता रजिस्टर उघडा. मागच्या तीन महिन्यांत तुमच्या निकषात बसणारे किती आले ते रेसिडेंटने स्वतः मोजायचे, अंदाजाने नाही. त्यातले निम्मेच प्रत्यक्षात हाती लागतील हा माझा आडाखा. काही जण संमती देत नाहीत, काही डामा घेऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून) जातात, काहींच्या वेळी आपण दुसऱ्या खाटेवर छाती दाबत असतो. २४६ हवेत, दहा टक्के गळती धरून २७४, म्हणजे वर्षभर आठवड्याला पाच-सहा. रजिस्टरात आठवड्याला दहा-अकरा दिसत नसतील तर प्रश्न बदला. आत्ता बदलायला काही लागत नाही.

रेसिडेंट आपल्या ड्युटीतच रुग्ण घेतो, त्यामुळे रात्रीचे दारू पिऊन आलेले, एकटे आलेले, सगळ्यात गंभीर असे रुग्ण गळतात आणि थीसिस दुपारच्या शांत रुग्णांचा होतो. त्यावर आमचा उपाय चिठ्ठ्यांचा. महिन्यातल्या सगळ्या शिफ्टच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, जमतील तेवढ्या काढायच्या, आणि निघालेल्या शिफ्टमधला प्रत्येक पात्र रुग्ण घ्यायचा. जो सुटला त्याचीही एक ओळ लिहायची: वेळ, वय, लिंग, का सुटला. परीक्षकाने "बाकीचे कुठे गेले?" विचारलं की ही यादीच वाचवते.

नीतिसमिती आणि शुद्धीत नसलेला रुग्ण

नीतिसमितीत डॉक्टरांखेरीज वकील, समाजशास्त्रातले कुणी आणि एखादा साधा नागरिकही असतो. सिनॉप्सिस त्या नागरिकासाठी लिहा. पहिल्या पानावर इतकंच सांगा: आम्ही नेहमीच्या उपचारात काही बदल करणार आहोत का, जास्तीचं रक्त काढणार आहोत का, रुग्णाचा खर्च वाढणार आहे का. तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर पुढची चर्चा लवकर आटपते.

संमती हा आपल्या विषयातला खरा पेच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्ण संमती द्यायच्या अवस्थेत नसेल तर कायद्याने चालणारा प्रतिनिधी ती देऊ शकतो, आणि रुग्ण शुद्धीवर आला की त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यावी लागते. नुसत्या जुन्या नोंदी, नावं काढून टाकून तपासायच्या असतील, तर समिती संमतीतून सूट देऊ शकते. ती सूट मागावी लागते. आपणच गृहीत धरायची नसते. "शुद्धीवर आल्यावर पुन्हा संमती" हे फॉर्मवर वेगळ्या रकान्यात तारखेसह छापा. नाहीतर रुग्ण वॉर्डात जातो आणि ते राहतं, नक्की राहतं.

भाषेचंही बघा. आमच्याकडे प्रोफॉर्मा इंग्रजीत, रुग्ण गुजरातीत, माझी रेसिडेंटशी हुज्जत मराठीत आणि दोघांची कुरकुर हिंदीत चालते. संमतीपत्र गुजराती आणि हिंदीत तर हवंच, पण राठवी किंवा भिली बोलणाऱ्या आजींना छापील गुजरातीही परकीच. तिथे वाचून दाखवायचं, त्यांच्या बोलीतला माणूस शोधायचा (आमचे एक वॉर्डबॉय भाई या कामात माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहेत), आणि अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार ठेवायचा. भाषांतर एकाने केलं की दुसऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करून घ्या. एका संमतीपत्रात "यादृच्छिक गट" या अर्थाने असा शब्द पडला होता की रुग्णांना वाटलं लॉटरी लागणार आहे.

विष प्यायलेल्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट. नंतर फोन करून विचारपूस करायची असेल तर फोन कोण उचलतं यावर सगळं आहे. सासरच्या माणसाने उचलला आणि रेसिडेंटने "ते औषध प्यायलं होतं त्याबद्दल" असं सुरू केलं, तर त्या बाईचं पुढे काय होईल? फोनवर काय बोलायचं ते आधी लिहून घ्या आणि त्यात कारणाचा उच्चारही नको. कुठला नंबर वापरायचा, कुठल्या वेळी करायचा, हे रुग्णालाच विचारा. एमएलसी (पोलिसांना कळवावं लागणाऱ्या) रुग्णांच्या बाबतीत थीसिसचा फॉर्म केसपेपरला टाचू नका. केसपेपर पोलिसांकडे, कोर्टात जातो. संशोधनाचा कागद वेगळा राहू दे.

प्रोफॉर्मा

इथे थांबून वेळ घाला. बाकी सगळं चुकलं तरी सावरता येतं, हे चुकलं की सावरत नाही.

एक पान. पाठपोट सुद्धा नको. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: याचं उत्तर थीसिसच्या कुठल्या टेबलात जाणार? टेबलाचं नाव सांगता येत नसेल तर प्रश्न काढा. त्यासाठी रिकामी टेबलं आधी आखायची, आकडे नसलेली. मुलांना हे विचित्र वाटतं. पण धर्म, व्यवसाय, आहार, घरातली माणसं हे चार प्रश्न दर थीसिसमध्ये केवळ जुन्या थीसिसमध्ये होते म्हणून येतात, ते या एका चाळणीत गळून जातात.

लिहायला कमी, खुणा करायला जास्त. मोजमापाच्या रकान्यात एकक छापलेलं हवं. रिकामा रकाना कधीच नको, त्याला तीन वेगळ्या खुणा द्या: केलं नाही, माहीत नाही, लागू नाही. या तिघांचा गोंधळ झाला की विश्लेषणाच्या वेळी "ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्ततपासणी) निगेटिव्ह" आणि "ट्रोपोनिन पाठवलंच नाही" एकाच ढिगात पडतात. जीसीएस (शुद्धीची पातळी मोजायचे गुण) एका आकड्यात घेऊ नका, डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळी घ्या; नळी टाकलेल्या रुग्णाचं बोलणं मोजता येत नाही, त्याची खूण वेगळी. वजन काट्यावर मोजलं की नजरेने धरलं तेही लिहा. आणि रक्तदाब म्हणजे कुठला? पहिला, सलाईन सुरू व्हायच्या आधीचा, कुठल्या हाताचा, यंत्राने की हाताने, हे फॉर्मवरच छापून टाका.

वेळेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्या विषयातले निम्मे थीसिस वेळेवर उभे असतात: दारात आल्यापासून ईसीजी किती मिनिटांत, गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची सुई किती मिनिटांत, अँटिबायोटिक कधी. आमच्याकडे एकदा एका रुग्णाचा ईसीजी तो यायच्या सात मिनिटं आधी काढलेला निघाला. भिंतीवरचं घड्याळ, ट्रायेजच्या संगणकाचं, ईसीजी मशीनचं, मॉनिटरचं आणि सिस्टरच्या मनगटावरचं, पाचही वेगळी. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी एक इंटर्न मोबाईलच्या वेळेशी सगळी घड्याळं जुळवतो आणि रजिस्टरात सही करतो. दहा मिनिटांचं काम आहे, आणि थीसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात ते एका ओळीत लिहिता येतं.

मग चाचणी. दहा रुग्णांवर, आणि त्यातले निदान पाच रात्री दोन ते पाचमधले. फॉर्म ज्याने बनवला त्याने भरायचा नाही, त्याच्या जोडीदाराने भरायचा. तीन मिनिटांत भरून झाला नाही तर पुन्हा कापाकापी. फॉर्म कुठे ठेवायचे हेही याच वेळी ठरवा. आम्ही ट्रायेजच्या टेबलावर एक जाड लाल फाइल साखळीने बांधली आहे. हसतात सगळे, पण तेव्हापासून धोब्याकडे काही गेलेलं नाही.

मोबाईलवर भरायचं असेल तर एपिकलेक्ट किंवा कोबो टूलबॉक्स फुकट मिळतात आणि नेट नसतानाही चालतात. व्हॉट्सअ‍ॅपवर केसपेपरचे फोटो मात्र नकोत. त्यात नाव असतं, पत्ता असतो, आणि तो ग्रुप सोडून गेलेल्या आर-थ्रीच्या फोनमध्येही ते राहतं. फॉर्मवर फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळी, कुलपात.

दर आठवड्याची वीस मिनिटं

गाईडची भेट म्हणजे महिन्यातून एकदा दोन तास, ही पद्धत सोडा. दर आठवड्याला ठरल्या वारी वीस मिनिटं, उभ्या उभ्या चहा घेत चालतील. विचारायचं तीनच: किती झाले, किती सुटले, काय अडलं. त्या आठवड्याचे फॉर्म बघा, विशेषतः रिकामे रकाने. चार दिवसांपूर्वीची चूक केसपेपर शोधून सुधारता येते. वर्षापूर्वीची नाही.

मास्टर चार्टमध्ये (सगळ्या रुग्णांच्या माहितीच्या एकत्र तक्त्यात) एका रुग्णाला एकच ओळ, एका गोष्टीला एकच स्तंभ. "१२०/८०" एका घरात लिहिलं की संगणकाला ते शब्द वाटतात. वरचा आणि खालचा दाब वेगळ्या स्तंभांत. रंग भरून अर्थ सांगू नका. दर दहा फॉर्ममधला एक दुसऱ्याने पुन्हा भरून ताडून बघायचा. प्रत दोन ठिकाणी, आणि त्यातली एक विभागाच्या संगणकावर.

वेळ देणं म्हणजे रोस्टरमध्ये देणं. "वेळ मिळेल तसं कर" याचा अर्थ झोपेतून कर. आम्ही महिन्यातून एक पूर्ण दिवस थीसिसचा म्हणून रोस्टरवर छापतो. तो नाईटनंतरचा दिवस नसतो. हे करताना सगळ्यात जास्त ओरड गाईडमंडळींचीच झाली, "आमच्या वेळी असं काही नव्हतं" म्हणून. नव्हतंच. म्हणूनच आमचे थीसिस तसे आहेत.

नाव कुणाचं लागणार हेही याच टप्प्यावर लिहून ठेवा. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या निकषांत चार अटी आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात: आखणीत किंवा कामात मोठा वाटा, लिखाणात किंवा त्यावर टीकेत भाग, शेवटच्या मसुद्याला मंजुरी, आणि कामाच्या खरेपणाची जबाबदारी. नुसती विभागप्रमुखाची खुर्ची यात बसत नाही. फॉर्म भरायला मदत करणाऱ्या सिस्टर आणि इंटर्न यांचे आभार नावानिशी माना. पुढच्या वेळीही तेच मदत करणार आहेत.

आकडे आणि लिखाण

सांख्यिकीतज्ज्ञाकडे सिनॉप्सिसच्या वेळीच जा. पीएसएम (सामाजिक आणि प्रतिबंधात्मक वैद्यक) विभागातले लोक या कामाला खूश असतात, फक्त जमा करायच्या आदल्या आठवड्यात गेलं की खूश नसतात. जॅमोव्ही आणि आर ही सांख्यिकीची सॉफ्टवेअर फुकट आहेत. चोरीच्या सॉफ्टवेअरची गरज नाही.

रेसिडेंटला दोन गोष्टी पटवायच्या. एक, दिसेल त्याची दिसेल त्याच्याशी तुलना करायची नाही. काहीच फरक नसताना वीस तुलना केल्या तर निदान एक तरी योगायोगाने "महत्त्वाची" निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. मुख्य प्रश्न एक, तो आधी ठरलेला. दोन, मिनिटांची सरासरी काढू नका. बहुतेकांना वीस मिनिटं लागतात आणि एकाला चार तास, त्या एकाने सरासरी बिघडते. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या.

लिहिताना आधी पद्धत, मग निष्कर्ष, मग चर्चा, आणि प्रस्तावना शेवटी. निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोबची २२ मुद्द्यांची यादी शेजारी ठेवली की काय राहिलं ते दिसतं. साहित्यसमीक्षेत सीनियरच्या थीसिसमधले परिच्छेद उचलले जातात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मी त्यातला एक संदर्भ उघडून मूळ पेपर समोर आणायला सांगते. हल्ली संगणकाकडून लिहून घेतलेल्या मजकुरात अस्तित्वातच नसलेले पेपर सापडतात, तेही याच एका प्रश्नात पकडले जातात. झोटेरोसारखं फुकटचं साधन पहिल्या दिवसापासून लावलं तर संदर्भ हरवत नाहीत.

अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं नाही तर मुलं घाबरतात. शॉक इंडेक्सने आपल्याकडे काहीच सांगितलं नाही, हेही उत्तर आहे, आणि ते तसंच छापायचं. "चार दिवसांत प्रसिद्धी" म्हणून मेल पाठवणाऱ्या जर्नलना उत्तर देऊ नका. इमकॉनला (इमर्जन्सी मेडिसिनच्या परिषदेला) पोस्टर नेणं ही चांगली सुरुवात. तिथे उभं राहून तीन अनोळखी माणसांनी खोदून विचारलं की चर्चेचं प्रकरण आपोआप सुधारतं.

रेसिडेंट पास होऊन जायच्या आधी एक काम उरतं. नावांची यादी कुलपात, नावं काढलेला मास्टर चार्ट विभागाकडे, आणि कुठला रकाना कशासाठी, कुठली खूण कशाची, हे सांगणारं एक पान. विंचूवाल्या त्या मुलीने जाताना ते पान लिहून दिलं होतं, आणि खाली पेन्सिलीने चार प्रश्न, जे तिच्या माहितीतून सुटले नव्हते. त्यातला तिसरा या वर्षीच्या आर-वनने उचलला आहे. सोमवारी त्याचा फॉर्म बघायचाय. दोन पानी आणलाय म्हणे.